दहा रुपयांचा आकडा



विषय जाहीर झाला तेव्हा पहिल्या रांगेतल्या काही भुवया वर गेल्या, ते मला इथून दिसलं. इंदूरच्या स्नेहलतागंजातली मराठी व्याख्यानमाला आणि चर्चा बारमधल्या यंत्राची! पण ज्यांच्या स्मरणार्थ ही माला चालते ते हयातभर कोर्टात उभे राहिलेले गृहस्थ होते, आणि देवस्थानाचा ट्रस्ट असो की दारूचं दुकान, पक्षकार बघून त्यांनी कुठला कागद हलका मानला नाही. मीही मोटार अपघाताच्या दाव्यांतच केस पांढरे केले आहेत. तेव्हा आज जरा बारमध्ये जाऊ. प्यायला नव्हे, भिंतीवरची पेटी बघायला.

पेटी साधी असते. नाणं टाकायची खाच, प्लॅस्टिकची नळी घालायचं भोक, आणि वर एक काच. नाणं टाकायचं, चार-पाच सेकंद सलग फुंकायचं, की काचेवर रक्तातल्या दारूचा आकडा उमटतो. हिरवा, पिवळा नाहीतर लाल दिवा लागतो. ऑस्ट्रेलियातल्या पबांमध्ये अशा पेट्या कित्येक वर्षं आहेत. आपल्याकडे चंडीगडच्या अबकारी धोरणाने अलीकडे बारमध्ये श्वास तपासायचं यंत्र ठेवणं सक्तीचं केलं. उद्या विजयनगरचा एखादा बारमालक आपल्या वकिलाला विचारेल, ‘साहेब, लावून टाकू का? गिऱ्हाइकाची सोय, आपलं नाव, वर दहा-दहा रुपये. यात काही लफडं तर नाही ना?’ लफडं आहे. आणि मौज अशी की यंत्र बिघडलं तर जेवढं आहे, त्याहून जास्त ते नीट चाललं तर आहे.

आधी हा आकडा कायद्यात आला कुठून ते पाहू. २९ मे १९५१ च्या रात्री मुंबईत कुलाब्याकडे जाणाऱ्या एका जीपने तीन माणसांना धडक दिली. जीप चालवणारे होते बेहराम पेसिकाका, मुंबई विभागाचे प्रभारी रीजनल ट्रान्सपोर्ट ऑफिसर. म्हणजे ज्यांच्या खात्याने लायसन्स द्यायची तेच. तोंडाला दारूचा वास होता आणि मुंबईत तेव्हा दारूबंदी होती. त्यांचं म्हणणं, जेवणानंतर बी. जी. फॉस नावाचं टॉनिक घेतलं होतं. त्या टॉनिकात खरंच अल्कोहोल असे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९५४ मध्ये दारूबंदीच्या आरोपातून ते सुटले. वास दारूचा की औषधाचा, हे नाकाला सांगता येईना. पुढे महाराष्ट्रातल्याच बच्चूभाई करयानी खटल्यात, १९७१ साली, सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की तोंडाला वास, लटपटती चाल, अडखळती जीभ आणि विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावरून माणूस प्यायला होता असं धरता येत नाही. रक्त किंवा लघवी तपासायला हवी होती. डॉक्टरचं नाक आणि हवालदाराचे डोळे यांच्यावर विसंबण्याचे दिवस तिथून सरत आले.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यात १९९४ ला दुरुस्ती झाली आणि कलम १८५ मध्ये आज आपल्याला ठाऊक असलेली रेघ आली: १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार दंड किंवा दोन्ही. ही रेघ किती खाली आहे याचा अंदाज बैठकीतल्या मंडळींना नसतो. आपल्याकडच्या व्हिस्कीच्या बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. त्यातला ३० मिलीचा छोटा पेग म्हणजे सुमारे दहा ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. सत्तर किलोच्या पुरुषाच्या रक्तात तो साधारण वीस मिलिग्रॅमची भर घालतो. दोन छोटे पेग लागोपाठ घेतले की रेघ मागे पडली. ‘मला काही होत नाही’ हे विधान कदाचित खरंही असेल. कायद्याने तो प्रश्न विचारलेलाच नाही.

आता कलम २०३ वाचा. श्वासचाचणी म्हणजे काय याची तिथे व्याख्या आहे: केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचना काढून मान्य केलेल्या प्रकारच्या यंत्रावर घेतलेली चाचणी. ती घ्यायची गणवेशातल्या पोलिसाने किंवा परिवहन खात्याच्या अधिकाऱ्याने. बारमधली पेटी या व्याख्येत बसत नाही. म्हणजे गिऱ्हाइकाने पलासिया चौकात पोलिसाला सांगितलं, ‘आत्ताच बारमध्ये चोवीस आलं होतं’, तर त्या आकड्याने त्याचा गुन्हा पुसला जात नाही. पोलिसाच्या यंत्रावर अडतीस आलं तर अडतीस.

आणि चोवीसाचे अडतीस व्हायला यंत्र खोटं असावं लागत नाही. साडेअकराची वेळ धरा. बिल मागवलंय, टेबलावर शेवटचा मोठा पेग आहे. तो घशाखाली जातो आणि गडी उठून यंत्राकडे जातो. नुकतीच प्यायलेली दारू अजून पोटात आहे, पुरती रक्तात उतरलेली नाही; ती चढायला अर्धा तास ते दीड तास लागतो, पोट भरलेलं असेल तर त्याहून जास्त. उलट तोंडात दारूचा ओलावा असेल तर यंत्र भलताच मोठा आकडा दाखवतं, म्हणून शेवटच्या घोटानंतर निदान पंधरा मिनिटं थांबून फुंकायचं असतं. बारमध्ये कोण पंधरा मिनिटं थांबतो? पोलिसाकडच्या चांगल्या यंत्रात फ्युएल सेल असतो. स्वस्त पेटीत सेमीकंडक्टरचा सेन्सर असतो. त्याला सिगारेटचा धूर, मधुमेह्याच्या श्वासातला ॲसिटोन आणि अल्कोहोल यांत फारसा फरक कळत नाही. वर तो ठरावीक काळाने कॅलिब्रेट करावा लागतो, आणि ते काम वेटरला जमणारं नाही. रेल्वे फलाटावर रंगीत दिव्यांचा वजनकाटा असायचा, आठवतो? नाणं टाकलं की पुठ्ठ्याचं तिकीट पडायचं, एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. काटा दोन किलो चुकला तरी कुणाचं काही अडत नसे. या पेटीने सांगितलेलं भविष्य मात्र माणूस खरं मानतो, आणि गाडीची चावी फिरवतो.

त्याचा अपघात झाला तर? इथे त्या दहा रुपयांच्या नाण्याला महत्त्व येतं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये सेवेच्या व्याख्येतून फुकट दिलेली सेवा वगळली आहे. मोबदला घेतला की देणारा सेवा पुरवठादार आणि घेणारा ग्राहक. नाणं खाचेत पडलं त्या क्षणी गिऱ्हाइकाच्या हाती तक्रार करायचा हक्क आला. पेटी फुकट असती तर बारमालकाला निदान वाद घालता आला असता. तोही भक्कम नाही, कारण ग्राहक आयोग म्हणेल की पेगच्या बिलात सगळंच आलं. पण वाद तरी होता. दहा रुपयांसाठी त्याने तोही विकला.

याच कायद्याच्या सहाव्या प्रकरणात उत्पादन दायित्व आलं आहे: सदोष वस्तूमुळे इजा झाली तर बनवणारा, विकणारा आणि त्या वस्तूसंबंधी सेवा देणारा यांच्यावर दावा. त्यातलं कलम ८७ मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आवरेना. पुरेशी सूचना दिली नाही या कारणावरचा दावा असेल, आणि वस्तू वापरताना तक्रारदार दारूच्या अंमलाखाली असेल, तर उत्पादक जबाबदार नाही, असं ते म्हणतं. करवत किंवा मिक्सर यांच्यासाठी हे ठीक आहे. पण ज्या यंत्राचं गिऱ्हाईक प्यायलेलंच असायचं, त्याचा कारखानदार या कलमाच्या आडोशाला निवांत बसू शकतो. बारमालकाने मात्र त्या आडोशाला जाऊ नये. शब्द उत्पादकापुरते आहेत. कारखानदार सुटला की तक्रारदाराची नजर फिरून भिंतीवर पेटी टांगणाऱ्याकडेच येणार.

‘मग आम्ही पाटी लावू ना, आकडा केवळ माहितीसाठी, व्यवस्थापन जबाबदार नाही!’ लावा, अवश्य लावा. पण तिच्यावर फार भिस्त ठेवू नका. दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलातून १९९८ साली एका पाहुण्याची मारुती झेन चोरीला गेली. गाडी लावून देणाऱ्या व्हॅलेला चावी दिली होती आणि टोकनावर छापलं होतं की गाडी मालकाच्या जोखमीवर. नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की गाडी ताब्यात घेतलीत, आता आपल्या निष्काळजीपणातून असल्या छापील ओळीने अंग काढून घेता येणार नाही. पाटी उपयोगी पडते ती माणसाला काही सांगण्यापुरती: पंधरा मिनिटं थांबा, आकडा अजून वाढू शकतो, हा आकडा पोलीस मानत नाहीत. आपली जबाबदारी झटकायला लावलेल्या पाटीचं कोर्टात फारसं कौतुक होत नाही.

इथवर झाला तो गिऱ्हाइकाचा विचार. माझी खरी काळजी रस्त्यावरच्या माणसाची आहे, आणि बारमालकाचीही खरी जोखीम तिथेच आहे.

बारमालकाचा आजवरचा बचाव काय असतो? ‘साहेब, चेहऱ्यावरून काय कळतं? चांगला बोलत होता, बिल बरोबर दिलं.’ बच्चूभाई खटल्याने जणू हाच बचाव त्याच्या हाती दिला आहे. नाकाडोळ्यांनी डॉक्टरला ठरवता येत नाही, तर वेटरला कुठून येणार? पेटी लावल्यावर हा बचाव संपतो. लाल दिवा लागला, आकडा ९२, आणि त्यानंतर त्याच टेबलावर आणखी एक पेग गेला, हे बिलाच्या वेळेवरून दिसतं. दारापाशी व्हॅलेने गाडी आणून चावी हातात दिली, हे कॅमेऱ्यात आहे. पेटीच्या आठवणीत आकडा आणि वेळ साठलेली असेल तर ती नोंद इलेक्ट्रॉनिक पुरावा म्हणून मागवता येते. १ जुलै २०२४ पासून त्याचा रस्ता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मधून जातो. गुन्हा शाबित करायला तो आकडा पुरेसा नसेल. बारवाल्याला ठाऊक होतं की नव्हतं, एवढ्यापुरता तो पुरेसा आहे.

मोटार वाहन कायद्याचं कलम १८८ फार कमी लोकांनी उघडून पाहिलेलं असतं. दारू पिऊन गाडी चालवण्याच्या गुन्ह्याला जो अपप्रेरणा देईल, त्याला मूळ गुन्ह्याचीच शिक्षा. आता नुसता पेग देणं म्हणजे अपप्रेरणा नव्हे, त्याला उद्देश किंवा जाणूनबुजून केलेली मदत लागते, हे मी कुठल्याही कोर्टात तासभर सांगू शकेन. पण लाल दिवा पाहिलेल्या नोकराने गाडी दारात आणून, दार उघडून, चावी दिली, तर सरकारी वकिलाला तासभरही लागणार नाही. या कलमाखाली बारवाल्यांवर सर्रास खटले होत नाहीत, याचं एक कारण जाणीव सिद्ध करायची अडचण. ती अडचण आपण स्वतःच्या खर्चाने, दहा रुपयांच्या हप्त्यांत, दूर करून देतो आहोत.

पुण्याचं उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरात पोर्शे गाडीने दोन तरुण अभियंत्यांना उडवलं. दोघंही आपल्या मध्य प्रदेशातले. चालवणारा मुलगा अल्पवयीन होता. पोलीस चालकाच्या घरापाशी थांबले नाहीत. त्याला दारू दिल्याबद्दल बारचे मालक-व्यवस्थापकही अटकेत गेले. ससून रुग्णालयात रक्ताचा नमुना बदलल्याचा आरोप झाला, डॉक्टर पकडले गेले. रक्ताच्या पुराव्याला अशी कीड लागली की तपास साहजिकच मागे सरकतो, बारपर्यंत: बिलं, कॅमेरे, टेबलावर काय काय गेलं. त्या भिंतीवर पेटी असती तर तिचाही पंचनामा झाला असता.

विमा कंपन्यांचं लक्षही इकडे आहे. २०२१ मध्ये पर्ल बेव्हरेजेस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने विमा कंपनीचं म्हणणं मान्य केलं. त्यातली गाडीही पोर्शेच, इंडिया गेटजवळ २००७ च्या डिसेंबरात आदळलेली. श्वासचाचणी झाली नव्हती, तरी इतर परिस्थितीवरून चालक दारूच्या अंमलाखाली होता असं दिवाणी प्रकरणात धरता येतं, असं कोर्टाने म्हटलं. आणि दुरुस्त मोटार वाहन कायद्याच्या कलम १५० मध्ये दारूच्या अंमलाखाली गाडी चालवणं हा विमा कंपनीचा बचाव म्हणून आता उघड लिहिलेला आहे. कंपनीने हात आखडता घेतला की मृताच्या घरच्यांचा वकील काय करील? मी ते काम केलं आहे, म्हणून सांगतो: ज्याच्या खिशात पैसा आहे असा दुसरा प्रतिवादी शोधील.

मग बारमालकाने लाल दिवा दिसताच चावी काढून घ्यावी का? तेही सरळ नाही. टास्मानियातली एक हकीकत सांगतो. २००२ साली तिथल्या एका पबमध्ये एकाने सोय म्हणून मोटारसायकल आत ठेवून दिली. पोलिसांची गस्त आहे अशी कुणकुण होती. पुढे पिणं वाढल्यावर त्याने चावी मागितली. पबवाल्याने ‘तुझ्या बायकोला फोन करतो’ म्हटलं, त्याने झिडकारलं, पबवाल्याने चावी दिली. घरापासून जवळच तो पुलावर आदळून मेला. २००९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने पबवाल्याला जबाबदार धरलं नाही. प्रौढ माणूस, त्याने स्वतः आणलेली गाडी, त्याने मागितलेली चावी. ती अडवायचा अधिकार पबवाल्याला कुठे होता? आपल्याकडेही तेच. जबरदस्तीने अडवलं तर अन्यायाने अटकाव केल्याची तक्रार, आणि कलम १८५ चा गुन्हा जामीनपात्र असल्याने खासगी माणसाला त्यासाठी पकडताही येत नाही. चावी न देणं अवघड, देणं धोक्याचं. मधला रस्ता एवढाच उरतो: व्हॅलेने गाडी आणायची नाही, टॅक्सी बोलवायची, ऐकलंच नाही तर पोलिसांना फोन करायचा. गिऱ्हाइकाविरुद्ध पोलिसांना फोन करणारा बारमालक मी अजून पाहिलेला नाही.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे कायदा लिहिणारे गंभीर चेहऱ्याने बघत नाहीत. चार मित्रांच्या हाती असं यंत्र पडलं की ते कमी आकड्यासाठी फुंकत नाहीत. कोणाचा जास्त येतो याची शर्यत लागते, हरणाऱ्याने पुढचं बिल द्यायचं. सुरक्षेसाठी टांगलेली पेटी खप वाढवायला लागली, आणि मालक ते बघून मनात खूश झाला, तर त्याच्या सदिच्छेचा मुद्दा कोणत्या तोंडाने मांडायचा?

मी हे सांगून पेटी लावू नका म्हणतोय असं नाही. आपल्या राज्यात १ एप्रिल २०२३ पासून अहाते बंद झाले. दुकानाशेजारी बसून पिणारे बरेच जण कुठेतरी गेलेच असणार. १ एप्रिल २०२५ पासून उज्जैन, ओंकारेश्वर, महेश्वर अशा धार्मिक ठिकाणी दारूविक्री बंद झाली, आणि उज्जैनहून प्यायला इथे यायचं तर गाडीने तास-सव्वा तास पुरतो. १५ सप्टेंबर २०२५ च्या संध्याकाळी एअरपोर्ट रोडवर ट्रकने कालानीनगरपासून बडा गणपतीपर्यंत माणसं चिरडली, त्याचा चालक प्यायलेला होता. त्याला कुठलीही बारमधली पेटी अडवू शकली नसती, हेही कबूल केलं पाहिजे. पण स्वतःच्या गाडीने बारमध्ये जाणाऱ्याला घरी निघण्याआधी आकडा दिसावा, यात वाईट काही नाही.

अडचण अशी की आपण यंत्र आणतो आणि त्याचं कायद्यातलं स्थान ठरवत नाही. फ्रान्सने १ डिसेंबर २०११ पासून पहाटे दोन ते सात या वेळात बंद होणाऱ्या मद्यालयांना श्वासचाचणीची सोय ठेवणं सक्तीचं केलं. तिथे प्रश्न मालकाच्या हौसेचा राहिला नाही. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साऊथ वेल्सने वेगळी वाट घेतली. यंत्र ठरलेल्या मानकाचं असेल आणि शेजारी ठरलेली सूचना लावली असेल, तर त्यावरचा आकडा दिवाणी दाव्यात पुरावा म्हणून मांडता येत नाही. म्हणजे प्रामाणिकपणे यंत्र ठेवणाऱ्याला त्याच यंत्राने फाशी नाही. आपल्याकडे सक्ती करणारे आदेश निघतात, संरक्षण देणारी ओळ त्यांत नसते. २०२५ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने ब्रेथ ॲनालायझरसाठी वजनमापे कायद्याखालच्या नियमांचा मसुदा काढला, हे चांगलं झालं. पण त्याचा रोख पुराव्यासाठी वापरायच्या यंत्रांकडे आहे. भिंतीवरची पेटी तशीच अधांतरी.

मी मात्र न्यू साऊथ वेल्सइतका उदार होणार नाही. आकड्याला सरसकट अभय दिलं तर ९२ बघून पेग भरणाराही सुटेल. संरक्षण हवं ते आकडा पाहून काही करणाऱ्याला: लाल दिव्यानंतर त्या टेबलावर दारू बंद केली, व्हॅलेने गाडी आणली नाही, टॅक्सी मागवली, आणि या तिन्हीची नोंद वहीत वेळेसकट ठेवली, तर तो आकडा त्याच्याविरुद्ध वापरू नये. नाणं घ्यायला मनाई असावी. कॅलिब्रेशनचा दाखला पेटीवर चिकटवलेला असावा. राज्याचं अबकारी धोरण दरवर्षी एप्रिलमध्ये नवं होतं, त्यामुळे हे करायला विधानसभेत मोठा कायदा आणायची गरज नाही. एफएल-२ आणि एफएल-३ या बारच्या परवान्यांच्या अटींत सूचना, दाखला, वही आणि फुकट चाचणी बसते. पुराव्याचं अभय तेवढं धोरणाने देता येणार नाही, त्यासाठी दिल्लीला कलम २०३ मध्ये हात घालावा लागेल. तोवर कुणी बारमालक सल्ल्याला आलाच, तर त्याला मी एकच विचारीन: लाल दिवा लागल्यावर तुझा व्हॅले कुणाचं ऐकेल, तुझं की गिऱ्हाइकाचं? उत्तर देताना तो अडखळला, तर पेटीची ऑर्डर रद्द करायला सांगेन.